बॅटरी कुणाची, निदान कुणाचे?

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी घरकामगार स्त्रियांच्या संघटनेच्या कार्यकारिणीपुढे एक ठराव आला. संघटनेचा लॅपटॉप निकामी झाला असून नवा घेण्यासाठी अठ्ठेचाळीस हजार रुपये मंजूर करावेत, असा तो ठराव होता. संघटनेची वार्षिक वर्गणी शंभर रुपये आहे. म्हणजे चारशे ऐंशी मोलकरणींची वर्षभराची वर्गणी एका यंत्रावर खर्च व्हायची होती. यंत्र चार वर्षांचे. तक्रार एवढीच की, पडद्यावर तीस टक्के चार्ज दिसत असतानाच ते एकाएकी बंद पडते. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातील तरुणाने लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही. ‘बॅटरी गेली आहे, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, नवा घेऊन टाका,’ असे त्याने संघटनेच्या चिटणीसताईंना सांगितले आणि नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांचा तक्ता पुढे केला.

चिटणीसताई चळवळीत मुरलेल्या. मालकिणीने पगारातून दोन दिवस कापले, तर कोणते दोन दिवस, असे विचारल्यावाचून त्या राहत नाहीत. परंतु अठ्ठेचाळीस हजारांचा हा निवाडा त्यांनी कोणताही पुरावा न मागता स्वीकारला. हा दोष त्यांचा नव्हे. यंत्र हा आपला प्रांत नाही, त्याविषयी बोलण्याचा अधिकार तज्ज्ञाचा, आणि तज्ज्ञ म्हणजे विकणारा, असे आपणा सर्वांच्याच मनावर बिंबवले गेले आहे. हा समज आपण मोडून काढला पाहिजे. लॅपटॉपच्या बॅटरीसारखी क्षुल्लक वाटणारी वस्तू हे त्याचे उत्तम निमित्त आहे.

बॅटरीचा आजार

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली आणि तिच्या घडणीस कारणीभूत झालेल्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे आयन दोन अग्रांमध्ये ये-जा करतात. प्रत्येक फेरीत थोडे लिथियम उपरासायनिक क्रियांत अडकून पडते, अग्रावर साचणारा थर जाड होतो, आणि बॅटरीत मावणारी ऊर्जा हळूहळू घटते. वापर केला नाही तरी निव्वळ काळाच्या ओघातही ही घट होतेच. उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था हे तिचे दोन मोठे शत्रू. टेबलावर कायम वीजजोडणीत ठेवलेला, शंभर टक्क्यांवर थांबलेला आणि आतून तापणारा लॅपटॉप बॅटरीला अकाली म्हातारपण आणतो. म्हणूनच अनेक लॅपटॉपांत ऐंशी टक्क्यांवर चार्ज थांबवण्याची सोय दिलेली असते. ती कुणी दाखवत नाही म्हणून कुणी वापरत नाही. ‘महिन्यातून एकदा बॅटरी पार शून्यावर आणावी’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमच्या बॅटरीस तो उपकारक नाही, झाला तर अपायच होतो.

तेव्हा बॅटरी वृद्ध होते, हा निसर्गक्रम आहे. त्यात कुणाचे कारस्थान नाही आणि समाजवादी समाजातही ती वृद्ध होईल. प्रश्न असा आहे की, तिचे वय कुणी मोजायचे, ती बदलायची केव्हा हे कुणी ठरवायचे, आणि ती बदलता यावी की नाही हे कुणाच्या हाती असावे.

वय मोजण्यास सेवाकेंद्राची गरज नाही. बॅटरीच्या आत एक छोटी चकती असते. ती आपल्या क्षमतेचा हिशेब ठेवते आणि तो हिशेब मागणाऱ्यास मिळतो. विंडोज प्रणालीत आज्ञा देण्याच्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ या शब्दाची जोड देऊन लिहिली की पूर्ण अहवाल तयार होतो. ॲपलच्या यंत्रांत बॅटरीच्या मांडणीतच तिची प्रकृती लिहिलेली असते. लिनक्स प्रणालीतही अशी सोय आहे. या अहवालात तीन आकडे पाहावेत. पहिला, बॅटरी घडवली तेव्हाची मूळ क्षमता. दुसरा, आज पूर्ण भरल्यावर तिच्यात मावणारी क्षमता. तिसरा, तिची किती आवर्तने झाली, म्हणजे पूर्ण क्षमतेइतकी ऊर्जा कितीदा वापरली गेली. हा तिसरा आकडा प्रत्येक यंत्र देतेच असे नाही, परंतु पहिले दोन पुरेसे असतात. दुसऱ्यास पहिल्याने भागले की बॅटरीचे आरोग्य टक्क्यांत हाती येते. भागाकार येणाऱ्या कोणालाही हे निदान जमते.

आमच्या संघटनेच्या लॅपटॉपचा अहवाल मी चिटणीसताईंना त्यांच्याच हातांनी काढायला लावला. मूळ क्षमता ४२,००० मिलिवॉट-तास, आजची १८,९००, आवर्तने ६१२. म्हणजे आरोग्य पंचेचाळीस टक्के. पूर्वी जेथे पाच तास काम होई तेथे आता सव्वादोन तास व्हायला हवे. परंतु तीस टक्क्यांवरच यंत्र बंद का पडत होते? म्हाताऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. यंत्राने एकदम अधिक वीज मागितली की तिचे व्होल्टेज कोसळते, आणि शिल्लक ऊर्जा असूनही यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी बंद होते. शिवाय चार्जची टक्केवारी हा अंदाज असतो आणि बॅटरी जीर्ण झाली की तो अंदाजही चुकू लागतो. थोडक्यात, बॅटरी खरोखरीच संपत आली होती. सेवाकेंद्रातील तरुणाचे पहिले वाक्य बरोबर होते, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता.

कधी कधी पहिले वाक्यही चुकीचे असते. याच संघटनेच्या एका कार्यकर्तीने मागल्या वर्षी चार्ज होत नाही म्हणून नवी बॅटरी बसवून घेतली, आणि दोष निघाला चार्जरच्या वायरीत. म्हणून निदानाचा क्रम सोडू नये. आधी दुसरा चार्जर लावून पाहावा, चार्जिंगचे छिद्र सैल झाले आहे का ते पाहावे, मग अहवाल काढावा, मग एखादा कार्यक्रम पार्श्वभूमीवर राहून वीज गिळत नाही ना याची खात्री करावी. बॅटरीला मृत ठरवण्याची पाळी त्यानंतर येते.

बदलावी केव्हा?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण बॅटरीची गरज सर्वांना सारखी नसते. आरोग्य ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर काही करू नये. ऐंशी आणि साठ यांच्या दरम्यान असेल आणि यंत्र टेबलावर जोडणी लावूनच वापरले जात असेल, तर वर्षानुवर्षे तसेच चालवता येते. पन्नासच्या खाली गेली, किंवा यंत्र अवचित बंद पडून काम वाया जाऊ लागले, की बॅटरी बदलावी. एका बाबतीत मात्र टक्केवारी पाहायचीच नाही. बॅटरी फुगली असेल, म्हणजे बोट फिरवण्याची पाटी वर उचलली गेली, झाकण नीट बसेनासे झाले किंवा तळ डुगडुगू लागला, तर त्याच क्षणी चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि बॅटरी जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी. आतील द्रव्य विघटित होऊन वायू साठल्याचे ते चिन्ह असते. तिला टोचणे, दाबणे वा कचऱ्यात टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

इथे एक वर्गीय वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्यास बॅटरी ही एक सोय आहे, कारण वीज भिंतीत आहे. ज्या गावात रोज काही तास वीज जाते तेथील विद्यार्थिनीला बॅटरी हीच वीज आहे. पंचेचाळीस टक्के हा आकडा दोघांच्या अहवालात सारखाच दिसेल, परंतु एकाची थोडी गैरसोय होईल आणि दुसरीचा परीक्षेचा अर्ज अर्धा भरलेला राहील. ज्यांना बॅटरी बदलणे सर्वांत निकडीचे, त्यांनाच ती मिळवणे सर्वांत कठीण. बाजाराच्या न्यायाचा हा नेहमीचाच नमुना आहे.

आता हिशेब. जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्वतंत्र दुरुस्तीकाराने याच मॉडेलची बॅटरी तीन हजार दोनशे रुपयांस दिली आणि चारशे रुपये मजुरी घेतली. एकूण तीन हजार सहाशे. म्हणजे चारशे ऐंशीऐवजी छत्तीस जणींची वर्गणी. ‘येत नाही’ म्हणून सांगितलेली बॅटरी दोन दिवसांत आली.

अर्थशास्त्राच्या वर्गात मी अनेक वर्षे एक साधे तत्त्व शिकवत आलो. जुन्या यंत्रावर पूर्वी केलेला खर्च बुडीत समजावा, त्याचा शोक करू नये, पुढच्या एका वर्षाच्या सेवेसाठी कोणत्या मार्गाने किती खर्च येतो एवढेच पाहावे. नवा लॅपटॉप सहा वर्षे चालेल असे धरले तर त्याचा खर्च वर्षाला आठ हजार. नवी बॅटरी तीन वर्षे चालेल असे धरले तर बाराशे. समजा, आपला अंदाज चुकला आणि जुना लॅपटॉप लवकरच दुसऱ्या कारणाने बंद पडला, तरी तो साडेपाच महिने चालला की बॅटरीचे पैसे वसूल झाले. इतका सरळ हिशेब असताना सेवाकेंद्रात तो कुणी मांडत नाही, कारण तेथे हिशेब ग्राहकाच्या खर्चाचा नसतो, विक्रेत्याच्या विक्रीचा असतो.

यंत्र कधीच बदलू नये, असे मी म्हणत नाही. मूळ पट्टी, पडदा आणि बिजागऱ्या एकाच वेळी जवाब देऊ लागल्या, दुरुस्तीचा वार्षिक खर्च नव्याच्या वार्षिक खर्चाच्या पुढे गेला, किंवा काम करण्यास यंत्राची शक्तीच अपुरी पडू लागली, तर नवे घ्यावे. जुन्या वस्तूची पूजा हा समाजवाद नव्हे. परंतु तो निर्णय आकडे समोर ठेवून, आपला आपण घेतलेला असावा.

झीज कृत्रिम कशी झाली

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, १८६७ साली, यंत्राच्या दोन प्रकारच्या झिजेविषयी लिहिले. एक भौतिक, वापराने व गंजाने होणारी. दुसरीला त्याने नैतिक झीज म्हटले. अधिक स्वस्त वा अधिक चांगले यंत्र बाजारात आले की धडधाकट यंत्राचेही मूल्य घसरते. त्याच्या काळात ही दुसरी झीज कारखानदारांचे दुःस्वप्न होती. विसाव्या शतकातील भांडवलाने तिचेच रूपांतर धंद्यात केले. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवण्याचा करार केला. त्याहून अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड होई! १९३२ साली, महामंदीच्या ऐन भरात, बर्नार्ड लंडन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने एक पुस्तिका काढून सुचवले की, सरकारनेच प्रत्येक वस्तूचे आयुष्य ठरवून द्यावे आणि मुदत संपताच ती नष्ट करवावी, म्हणजे मागणी कायम राहील. त्याची सूचना कोणत्याही सरकारने कायद्यात आणली नाही. कायद्याची गरजच उरली नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीला जाहीरपणे मान्य करावे लागले की, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग ती सॉफ्टवेअरद्वारे कमी करत होती. अवचित बंद पडणे टळावे हा हेतू असल्याचे तिने सांगितले, आणि त्यात तांत्रिक तथ्य होतेही. संघटनेच्या लॅपटॉपला जडलेला आजार तोच होता. परंतु ग्राहकाला सांगितले का नाही? बॅटरी बदलली असती तर फोन पूर्ववत् चालला असता, हे त्याला कळू नये, अशीच व्यवस्था झाली होती. फोन मंदावला, म्हणजे म्हातारा झाला, असे समजून कित्येकांनी नवा घेतला असणार. २०२० साली फ्रान्समधील ग्राहकसंरक्षण यंत्रणेने या मौनाबद्दल अडीच कोटी युरो दंड केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील दाव्यात कंपनीने पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड स्वीकारली. शिक्षा झाली ती निदान लपवण्याबद्दल, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की, विकणाऱ्यास माहिती आहे आणि घेणाऱ्यास नाही, अशा बाजारात विश्वासच नष्ट होतो. दुरुस्तीच्या बाजारात याहून वाईट स्थिती आहे. तेथे अज्ञान योजनापूर्वक टिकवले जाते. बॅटरी गोंदाने चिकटवायची, साध्या पेचकसाने उघडणार नाहीत असे स्क्रू वापरायचे, बॅटरीत ओळखीची चकती बसवून काही यंत्रांत बाहेरची बॅटरी नाकारायची, दुरुस्तीची पुस्तिका बाहेर जाऊ द्यायची नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लॅपटॉपच्या तळाशी एक कळ सरकवली की बॅटरी हातात येई. ती कळ सडपातळपणाच्या नावाखाली गेली, आणि तिच्याबरोबर मालकाचा अधिकारही गेला. त्यातच सॉफ्टवेअरची भर. विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि पुढील आवृत्तीच्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे एका तारखेने ‘जुनी’ ठरली. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवली तर त्यांतील पुष्कळशी आजही उत्तम चालतात, हे किती ग्राहकांना सांगितले गेले?

आक्षेप आणि उत्तरे

आपल्याच पक्षातील काही मित्र म्हणतील की, हा मध्यमवर्गीय ग्राहकाचा रडगाणा आहे, श्रमिकांच्या लढ्याशी याचा संबंध नाही. या मित्रांनी दोन ठिकाणी नजर टाकावी. लॅपटॉपच्या बॅटरीत सामान्यतः कोबाल्ट वापरतात आणि जगातील निम्म्याहून कितीतरी अधिक कोबाल्ट एकट्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाच्या खाणींतून निघते. तेथे हातांनी खणणाऱ्या मजुरांचे आणि त्यांत राबणाऱ्या बालकांचे वास्तव ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली जगापुढे मांडले. साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे दिल्लीतील सीलमपूर, जेथे कोणत्याही संरक्षणावाचून यंत्रे फोडून त्यांतील धातू काढला जातो. अकाली फेकलेल्या प्रत्येक यंत्रागणिक या दोन्ही टोकांवर ओझे वाढते. आणि मधल्या टोकाला आहेत आपल्याच संघटना. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाल्यापासून असंघटित कामगाराची नोंदणी, ओळख आणि अर्ज यांचा मार्ग पडद्यावरून जातो. घरकामगारांच्या संघटनेचा लॅपटॉप हे श्रमिकांचे हत्यार आहे. ते बोथट झाले की धार कुणी लावायची, हा श्रमिकांचाच प्रश्न नव्हे काय?

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. बाहेरची बॅटरी धोक्याची असते, ती पेट घेते, म्हणून ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठीच आम्ही यंत्र बंदिस्त ठेवतो! बनावट बॅटऱ्या धोक्याच्या असतात, हे सत्य आहे. पण बनावट मालाची बाजारपेठ कुणी निर्माण केली? अस्सल बॅटरी चार वर्षांत ‘येत नाही’ असे सांगणाऱ्यानेच ग्राहकाला बनावट मालाच्या दारात ढकलले. सुरक्षिततेसाठी आपल्या देशात आयएस १६०४६ हे मानक आहे, आणि अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरी घेताना ती नोंदणीची खूण पाहावी, पावती मागावी, निनावी स्वस्त माल टाळावा. मानक पाळून बॅटरी विकण्याचे बंधन सर्वांवर असावे, आणि ती मिळवून बसवण्याचा अधिकारही सर्वांना असावा.

तिसरा आक्षेप आमच्या अर्थशास्त्री बांधवांचा. लोक नवे घेणार नाहीत तर उत्पादन कसे वाढेल, रोजगार कुठून येईल? याचे उत्तर समाजवाद्याने देण्याची गरज नाही. मुक्त बाजाराचा कट्टर कैवारी बास्तिआ याने ते १८५० सालीच देऊन ठेवले आहे. पोराने खिडकीची काच फोडली म्हणून काचवाल्याला काम मिळाले, हे दिसते, पण तोच पैसा अन्यत्र जे काम निर्माण करणार होता, ते दिसत नाही. शिवाय आपल्या देशात लॅपटॉप बहुतांश आयातच होतात. त्यामुळे नव्या यंत्राच्या किमतीचा मोठा भाग देशाबाहेर जातो, तर दुरुस्तीची मजुरी गावातच राहते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि प्रत्येक जिल्ह्याच्या बाजारपेठेत एका टेबलावर डोळ्यास भिंग लावून बसलेला तरुण हा या देशाच्या कौशल्याचा आधार आहे. त्याला पुस्तिका नाही, सुटे भाग नाहीत, प्रतिष्ठा नाही, तरीही तो जे करून दाखवतो त्याला तोड नाही.

शासनाचे काय?

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉप व तत्सम वस्तूंच्या देशी उत्पादनास प्रोत्साहन म्हणून सतरा हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले आणि ओरड होताच ते सौम्य केले. आयातीची चिंता खरी असेल तर तिचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे देशात आहेत ते लॅपटॉप दोन-तीन वर्षे अधिक चालवणे. त्या दिशेने काय झाले? जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारावर एक समिती नेमली गेली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टल सुरू झाले, आणि पुढे दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक असावा यासाठी आणखी एका समितीचा अहवाल आला. पाऊल योग्य दिशेने पडले, हे मान्य करावे. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने बॅटरी दिली नाही तर पोर्टल तिला दंड करू शकत नाही.

युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीविषयक नियम केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, तेथे विकल्या जाणाऱ्या वस्तूंतील छोट्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता-बसवता आल्या पाहिजेत, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे बॅटरी उपलब्ध राहिली पाहिजे. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापले जातात. ज्या कंपन्या तेथे विकतात त्याच येथे विकतात. लियोंच्या ग्राहकास जे देणे त्यांना शक्य आहे, ते सांगलीच्या ग्राहकास देणे अशक्य कसे?

बॅटरीच्या अंत्यविधीचा प्रश्नही असाच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण तालुक्याच्या गावी जुनी बॅटरी नेऊन द्यावी कुठे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित करून दाखवले. गोळा करण्याच्या साखळीत अशा कष्टकऱ्यांना मोबदला, हातमोजे आणि प्रशिक्षण देऊन सन्मानाने सामावून घेण्यास काय हरकत आहे?

मागण्या आणि काम

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, साध्या हत्यारांनी बॅटरी बदलता यावी असे यंत्राचे बंधन. दोन, विक्री थांबल्यावर किमान सात वर्षे वाजवी किमतीत अस्सल बॅटरीचा पुरवठा, आणि दुरुस्तीची पुस्तिका सर्वांस खुली. तीन, कोणत्याही सेवाकेंद्राने ‘यंत्र संपले’ असे म्हणताना मूळ क्षमता, आजची क्षमता आणि बदलीचा खर्च लिहून, सहीनिशी द्यावा. चार, दुरुस्तीच्या मजुरीवरील व सुट्या भागांवरील जीएसटीत कपात. पाच, प्रत्येक तालुक्यात बॅटरी परत घेण्याचे केंद्र. यांतील तिसरी मागणी मला सर्वांत मोलाची वाटते. लेखी निदान द्यावे लागले की अर्धा खोटेपणा आपोआप गळून पडेल.

परंतु कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यासह लाटणे घेऊन रस्त्यावर आलेल्या स्त्रियांनी रॉकेल आणि तेलाच्या भावाला राजकारणाच्या केंद्रस्थानी आणले. घरातील वस्तूचा हिशेब हा राजकीय हिशेब असतो, हे त्यांनी शिकवले. आज प्रत्येक तालुका कार्यालयात एक वही ठेवावी, संघटनेच्या प्रत्येक लॅपटॉपच्या बॅटरीचे आकडे दर सहा महिन्यांनी तीत लिहावेत आणि नव्या खरेदीचा कोणताही ठराव त्या आकड्यांवाचून मांडू देऊ नये. सेवा दलाच्या शिबिरांत एक दुपार दुरुस्तीसाठी द्यावी. गावातील दुरुस्तीकाराला सन्मानाने बोलवावे आणि मुलामुलींना अहवाल काढायला शिकवावे.

लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, तो यंत्र माणसाच्या आवाक्यात राहावे म्हणून. आज यंत्र मांडीवर मावण्याइतके लहान झाले, पण त्याची किल्ली मात्र दूरच्या मालकाच्या खिशात राहिली. ती किल्ली परत मागणे हे आपल्या परंपरेतलेच काम आहे.

कार्यकारिणीने नव्या लॅपटॉपचा ठराव मागे घेतला. बॅटरी बसवायला अर्धा तासही लागला नाही. उरलेले चव्वेचाळीस हजार चारशे रुपये आजारी सभासदांच्या मदतनिधीत जमा झाले. चिटणीसताईंनी बॅटरीचा अहवाल फायलीला लावला आणि त्याची एक प्रत घेऊन त्या पुन्हा त्याच सेवाकेंद्रात गेल्या. ‘या मॉडेलची बॅटरी येत नाही, हे तुम्ही मला लिहून द्या,’ असे त्यांनी त्या तरुणाला सांगितले. त्याने लिहून दिले नाही. हे त्याचे मौन प्रत्येक तालुक्यात नोंदवले गेले पाहिजे.